ही गोष्ट कुठल्या सालातली?

माझ्या साहसकादंबरीच्या ड्राफ्टमध्ये तीन मुलं अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीजवळ रात्री नर्मदा पोहून पार करतात. खडकांवर आदळणारं पाणी, जीवघेणी धार, मागावर माणसं. या प्रकरणावर मी फार खूश होतो.

ड्राफ्ट वाचायला दिला तो नंदुरबारला कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीला. ती तळोदा तालुक्यातल्या पुनर्वसन वसाहतीत वाढलेली. त्या पानावर तिने पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: ‘सर, ही गोष्ट कुठल्या सालातली?’

आधी रागच आला. साहसकथेला साल कशाला हवं?

मग उमजलं. १९९३च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचं पाणी मणिबेलीत शिरलं. २०१९मध्ये धरण १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं. मी लिहिलेली धार तिथे उरलेलीच नाही. आता तिथे जलाशय आहे.

तिला फोन केला. म्हणाली, “भीती आहे सर, पण ती आवाज करत नाही. पाण्याखाली झाडांचे शेंडे असतात, होडी अडकते. पाणी उतरलं की काठावर गाळ. पाय रुतला की निघत नाही.”

ते प्रकरण मी काढून टाकलं. आता मुलं होडीत आहेत. होडी वल्हवणाऱ्या मुलीला ठाऊक आहे, आजीचं घर नेमकं कुठे खाली आहे. तिथे ती वल्हं उचलून धरते.

नवा ड्राफ्ट पाठवलाय. या वेळी पहिल्याच ओळीत साल आहे.