पाय आवळून उभा राहिलेला डबा

मुलांनो, फाटक पडलं आणि समोरून मालगाडी जाऊ लागली, की तुम्ही काय करता? डबे मोजता ना? मीही मोजते. पण डब्यावर काय लिहिलेलं असतं, ते कधी वाचलंत का? वरून उघड्या असलेल्या उंच डब्यावर इंग्रजीत ‘बीओएक्सएन’ अशी अक्षरं दिसतील. बी म्हणजे बोगीवर बसलेला, ओ म्हणजे उघडा, एक्स म्हणजे उंच बाजूंचा आणि एन म्हणजे हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असलेला. शिवाय अकरा आकड्यांचा एक लांबलचक नंबर असतो. त्यातला पाचवा आणि सहावा आकडा म्हणजे डबा बनल्याचं साल. ९८ असेल तर १९९८, १२ असेल तर २०१२! स्टेशनावर गेलात की फलाटावरूनच वाचा हं, रुळात उतरायचं नाही.

खरं सांगू? एवढी वर्षं शाळेत शिकवते आहे, पण हे मलाही परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं. एका दिवाळीत पुण्याला भावाकडे गेले होते. कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांच्या आयुष्यभराच्या छंदातून ते उभं राहिलं आणि १९९८ साली सर्वांसाठी खुलं झालं. इवल्याशा गाड्या, सिग्नल, पूल, दिवे! भाचे मागे राहिले आणि मीच पुढे घुसले. ते पाहून भावाने निघताना हातात एक खोका ठेवला. आत मालडब्याचा संच होता, परदेशी, ८७ पट लहान. म्हणजे खऱ्या डब्यावर जे अंतर ८७ मिलिमीटर, ते इथे फक्त १ मिलिमीटर. तुमच्यापैकी १३० सेंटिमीटर उंचीचा मुलगा या मापाने १५ मिलिमीटरचा होईल, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा!

संचातले भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले असतात, फांदीला कैऱ्या लटकाव्यात तसे. ते ओढून तोडायचे नसतात. नेलकटरने हळूच कापायचे, पॉलिश पेपरने घासायचे, आधी नुसते जुळवून बघायचे आणि मगच चिकटवायचे. मी यातलं काहीएक केलं नाही. क्षणात चिकटणारा डिंक आणला आणि एका रात्रीत डबा उभा केला. सकाळी बघते तर भिंतींवर पांढरं धुकं आलेलं, एक भिंत तिरकी आणि डिंक आसाच्या खोबणीत उतरून एक चाक घट्ट बसलेलं. आठवडाभर त्याच्याकडे पाहवलं नाही.

मग ठरवलं, की बोग्या तेवढ्या वाचवायच्या आणि वरचा डबा आपणच करायचा. तोही आपल्याकडचा, बीओएक्सएन. खरा डबा एका कपलिंगपासून दुसऱ्या कपलिंगपर्यंत सुमारे १०.७ मीटर लांब, ३.२ मीटर रुंद आणि रुळापासून सव्वातीन मीटरच्या आसपास उंच. ८७ ने भागलं, की लांबी १२३ मिलिमीटर, रुंदी ३७ आणि उंचीही ३७. म्हणजे समोरून डबा जवळजवळ चौरस दिसायला हवा. इतक्या गाड्या पाहिल्या, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. जाड लग्नपत्रिका घरात ढीगभर होत्या, त्यांच्या भिंती केल्या. बाहेरच्या उभ्या पट्ट्या कापताना बोटं सुन्न झाली. शेवटी विटकरी रंग दिला आणि डबा वर्गात नेला.

आमची शाळा जालना जिल्ह्यात, रुळाच्या जवळ आहे. पाचवीत एक मुलगा आहे. त्याचे वडील मालधक्क्यावर हमाल आहेत, खताची आणि सिमेंटची पोती उतरवतात. भागाकाराच्या तासाला तो खिडकीतून गाड्या बघत बसायचा, म्हणून मी त्याची जागा बदलून त्याला भिंतीकडे बसवलं होतं. डबा सगळ्यांच्या हातांतून फिरला, सगळे ‘भारी! भारी!’ म्हणाले. त्याने मात्र डबा डोळ्यांसमोर धरला, समोरून बराच वेळ बघितला आणि म्हणाला, “मॅडम, हा पाय आवळून उभा राहिलाय. खरा डबा पाय फाकवून असतो.”

मला राग आला, खोटं कशाला बोलू! पण पट्टी घेतली. चाकांच्या खालच्या रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. आपल्या मोठ्या रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर असतं. मी त्यालाच फळ्यावर भागाकार करायला सांगितलं. ८७ चा पाढा दोनदा चुकला, पण उत्तर आलं. भागाकार १९, बाकी २३. म्हणजे १९ हून थोडं जास्तच हवं होतं! परदेशात पुष्कळ ठिकाणी रूळ १४३५ मिलिमीटरवर असतात. त्याला ८७ ने भागलं, की बरोबर साडेसोळा. डबा आपला आणि पाय परक्या देशाचे, असं झालं होतं.

घरी आजी-आजोबांना विचारा, आपल्याकडचे रूळही पूर्वी असे नव्हते. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास आलेली ही मनमाड-सिकंदराबाद लाइन छोटी होती, मीटरगेज. रुळांत फक्त १००० मिलिमीटर. मनमाडला मोठी लाइन लागली, की माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे. सगळी पोती पाठीवरून! १९९० नंतरच्या पाचेक वर्षांत जालन्याला मोठी लाइन आली. मुलाने घरी विचारलं, तर त्याचे आजोबाही हमालीच करत होते, असं कळलं.

आठ दिवसांवर तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. शाळेतलं एकजण म्हणालं, “अहो, तिथं पट्टी लावून कोण बघतंय?” माझ्याही मनात तेच होतं. पण फळ्यावरचा तो भागाकार कोणी पुसला नव्हता. शेवटी डब्यापुढे चिठ्ठी ठेवली. ‘रुळांतील अंतर चुकले आहे. १६.५ आहे, १९.३ हवे.’ अक्षर त्या मुलाचं. बक्षीस मिळालं नाही, पण पाहुण्यांनी सर्वांत जास्त वेळ त्या चिठ्ठीपाशी काढला.

सध्या आम्ही दुसरा डबा करतो आहोत. बोगी मधोमध कापून, आत पट्टी घालून रुंद केली. आसासाठी सायकलच्या चाकाची तार कापली. चाकं अजून डुगडुगतात.

त्या मुलाची जागा पुन्हा खिडकीपाशी आहे. काल भागाकार चालू असताना गाडी गेली. मी फळ्याकडे तोंड करून गुपचूप मोजत होते. “मॅडम, अठ्ठावन्न आणि गार्डाचा डबा,” तो म्हणाला. माझे सत्तावन्नच भरले होते.