तुळस लागेना आमच्या दारी

काही बायकांच्या हाताला गुण असतो. वाळकी काडी खोचली तरी तिला पालवी फुटते. आमच्या सासूबाई त्यातल्या. मी त्यातली नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बागकामाच्या सूचना मिळतील या आशेनं कुणी पुढे वाचायला नको. शहापूरच्या या घरात लग्न होऊन आले त्याला आता ३८ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझ्या हातून नीट वाढलेलं झाड म्हणजे एक अळू, आणि तेही न्हाणीघराच्या सांडपाण्यावर आपलं आपण वाढलेलं.

आमचं घर जुनं, कौलारू. पुढे अरुंद गल्ली, पण मागे परसू ऐसपैस. कोपऱ्यात विहीर, तिच्या काठी औदुंबर आणि मध्ये तुळशीवृंदावन. सासूबाई देवळात फारशा जात नसत. श्रावणी सोमवारी कपिलेश्वराला जाऊन येत, तेवढंच. त्यांचा सगळा देव या परसात होता. सकाळी सूर्याला पाणी, मग तुळशीला पाणी, औदुंबराला एक प्रदक्षिणा. बेंदराला मातीचे बैल, नागपंचमीला भिंतीवर नाग. वटपौर्णिमेला वडाची फांदी विकत आणणं त्यांना मुळीच पटत नसे. "झाडाला भेटायला जायचं असतं, झाड तोडून घरी बोलवायचं नसतं," म्हणायच्या. पोथी त्यांना फारशी वाचता येत नव्हती. पण गणपतीच्या एकवीस पत्री अंधारात नुसत्या वासानं आणि स्पर्शानं ओळखायच्या. मी मात्र बी.ए. झालेली, आणि मला माका आणि आघाडा यांतला फरक कळत नव्हता.

२०१८ च्या उन्हाळ्यात त्या गेल्या. जाण्यापूर्वी मला काही मोठं सांगून वगैरे गेल्या नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या, "तुळशीकडं बघ हं." मी 'हो' म्हटलं.

त्यांनी लावलेली तुळस पुढे वर्षभर टिकली. मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या भागात जो पाऊस कोसळला तो बेळगावकरांना सांगायला नको. आमच्या परसात घोटाभर पाणी होतं. वृंदावनाचा पाया खचला, गिलावा सुटला. पाऊस ओसरल्यावर गवंडी बोलावून आम्ही ते छान सिमेंटनं लिंपून घेतलं, वर गेरूचा रंग दिला. नवी माती घातली, नवं रोप लावलं. वृंदावन कसं नव्यासारखं दिसायला लागलं!

आणि तिथून माझे दिवस फिरले. पहिलं रोप दिवाळीआधी गेलं. दुसरं थंडीत. तिसऱ्याची पानं पिवळी पडून गळत गेली. मी रोज न चुकता तांब्याभर पाणी घालत होते, उदबत्ती लावत होते, प्रदक्षिणा घालत होते. शेजारच्या काकू सहज बोलावं तसं बोलून गेल्या, "घरावरचं संकट तुळस आपल्या अंगावर घेते म्हणतात." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण २०२१ च्या मे महिन्यात ह्यांना कोरोना झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर पाचव्या रोपानं मान टाकलेली. काकूंचं ते वाक्य तेव्हा आठवलं. मुलाला दिसायला नको म्हणून मी पहाटेच ते उपटलं आणि मागच्या घरातून भिंतीवरून एक रोप मागून घेतलं. रोपवाटिका बंद, सगळंच बंद. चिखलात हात घालून ते लावताना मी रडत होते आणि नेमकं कशासाठी रडतेय ते मला कळत नव्हतं. हे बरे होऊन घरी आले. रोप मात्र आषाढात गेलंच.

खरं म्हणजे तुळशीपुरतंच असतं तर एक वेळ नशीब म्हटलं असतं. पण मी दवणा लावला, तोही गेला. जोतिबाला वाहायचा दवणा आपल्या परसात व्हावा, असं मनात आलं. हौसेनं बी आणलं. तीळसुद्धा मोठा म्हणावा इतकं ते बारीक. मी ते पेरलं आषाढात! पहिल्याच सरीबरोबर बी कुठे वाहून गेलं ते त्या जोतिबालाच ठाऊक. दवणा हे थंडीचं पीक, पाऊस सरल्यावर पेरायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी काढायचं, हे मला नंतर एका फूलवालीनं सांगितलं. मरव्याची कुंडी तीनदा आणली. ती आपण आणतो त्या दिवशी फार सुंदर दिसते.

आमच्या वन्सं गोव्यात असतात, सत्तरी तालुक्यात केरीजवळ. २०२२ च्या चतुर्थीला त्यांनी फारच आग्रह केला. चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. आम्ही दोन दिवस आधी चोर्ला घाटानं निघालो. जांबोटी मागे पडली की झाडी दाट होत जाते आणि गाडीच्या काचेवर धुकं बसायला लागतं. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी थांबायचा आमचा रिवाज आहे. मलप्रभेचा उगम तिथलाच. इथे पडलेला पाऊस मलप्रभेतून पूर्वेकडे जातो आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळतो. आणि थोडंसं पुढे गेलं की घाटाच्या पलीकडचं पाणी म्हादईला जातं, आणि ती पणजीला समुद्राला मिळते. एकाच ढगातलं पाणी, उतार कुठला मिळाला एवढाच काय तो फरक. ह्यांनी हे मला दर खेपेला सांगितलेलं आहे. त्या दिवशीही सांगितलं.

वन्संच्या घरी माटोळीची गडबड सुरू होती. आपल्याकडे गणपतीपुढे आरास असते, गोव्यात गणपतीच्या डोक्यावर रान असतं. लाकडी चौकट आढ्याला टांगायची आणि तिला त्या ऋतूत रानात, कुळागरात, परड्यात जे जे आलं असेल ते ते बांधायचं. नारळाची पेंड, सुपारीचे घड, चिबूड, तवशी, घागऱ्यांच्या शेंगा, कांगलांचे घोस, केवणीच्या पिळदार शेंगा, अगदी काजऱ्याची विषारी नारिंगी फळंसुद्धा. देवाला काही वर्ज्य नाही, खायचं काय आणि नाही ते माणसानं लक्षात ठेवावं! आता म्हापसा-पणजीच्या बाजारात हे सगळं विकत मिळतं आणि बहुतेक घरं तिथूनच आणतात. पण वन्संचे सासरे ऐंशीच्या घरातले, ते अजून स्वतः रानात जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. पायाला जळवा लागू नयेत म्हणून वन्संनी मीठ-तंबाखूचं पाणी चोळून दिलं, तरी दोन लागल्याच.

ते चालत होते आणि मी मागून. कोयतीनं एखादा घोस कापायचे, बाकीचे तसेच ठेवायचे. वेल कधी ओढून काढला नाही. मी विचारलं, हे सगळं तुम्ही लावलंय का? मला वाटलं होतं, या वयात एवढं रान राखणारा माणूस म्हणजे सासूबाईंसारखाच गुणाच्या हाताचा असणार. ते थांबले, माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं आणि म्हणाले, "हें कोण रोयता? येता तें आपोआप. आमकां फकत वळखूंक जाय." आणि पुढे निघाले. घरी आल्यावर कळलं की वन्संच्या परड्यातली भाजी, फुलझाडं सगळी सासूबाई बघत. या आजोबांना साधी मिरची लावता येत नव्हती!

हे वाक्य मी बेळगावला घेऊन आले. आल्यावर परसाचं दार उघडलं आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. विहिरीच्या काठाला माका, पांढऱ्या बटणांसारखी फुलं आलेला. भिंतीलगत आघाडा, त्याचे तुरे पदराला चिकटणारे. पायरीच्या फटीत दूर्वा. पडक्या गोठ्याच्या जागी धोत्रा आणि डोरली. कौलाखाली पिंपळाचं रोप, रुई, पलीकडच्या कुंपणावर विष्णुक्रांतीची निळी फुलं. कण्हेर, जाई आणि डाळिंब सासूबाईंच्या वेळचे. एकवीसपैकी अकरा पत्री माझ्या परसात होत्या आणि त्यांतल्या आठ कुणीही लावलेल्या नव्हत्या.

आता माझी गंमत ऐका. गेली चार वर्षं गणपती यायच्या आधी मी गडी लावून परसातलं 'गवत' काढून घेत होते. घर स्वच्छ दिसावं म्हणून. आणि मग खडे बाजारात जाऊन पत्रीची जुडी विकत आणत होते. त्या जुडीत काय असतं हे पाहिलंय कधी तुम्ही? पाचसहा प्रकारचा पाला, त्यातला अर्धा कुठल्याशा शोभेच्या झाडाचा. विकणाऱ्या बायांना मी दोष देत नाही, त्या पहाटे खेड्यातून येतात, ओरबाडून जे मिळेल ते आणतात. घेणाऱ्याला ओळखता येत नाही, तेव्हा विकणारीनं तरी का शोधत बसावं? पण जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला भीमगडचं अभयारण्य २०११ साली झालं आहे, तिथलं पानही तोडता येत नाही. गावाभोवतीच्या माळांवर प्लॉट पडलेत. डोरली आणि शमी मिळायची ती पडीक जागाच आता उरलेली नाही.

यंदाच्या घटकेला मी पत्री विकत आणत नाही. आहेत तेवढ्या अकरा वाहते, बाकीच्यांच्या जागी अक्षता. गुरुजींनी एकदा भुवया उंचावल्या होत्या, पण काही बोलले नाहीत. तुळस गणपतीला एरवी चालत नाही, चतुर्थीच्या त्या एकाच दिवशी चालते. २०२२ साली त्या एका दिवसासाठीसुद्धा माझ्या वृंदावनात तुळस नव्हती, ही बोच मात्र राहिली.

त्याच वर्षी कार्तिकात वन्सं माहेरी आल्या. गोव्यात तुळशीच्या लग्नाला व्हडली दिवाळी म्हणतात, तिथे वृंदावनात उसाबरोबर चिंच-आवळ्याची फांदी खोचतात. वन्सं आवळा घेऊनच आल्या होत्या. मी बाजारातून सातवं रोप आणून ठेवलेलं, लावायचं धाडस होत नव्हतं. फूल घालायला येणारी येळ्ळूरकडची म्हातारी त्या वेळी दारात उभी होती. वृंदावनाकडे बघत ती म्हणाली, "वैनी, रोज पानी घालतासा ते बरं, खरं ते पानी जातंय कुठनं?"

आम्ही तिघी वृंदावनाभोवती वाकलो. तळाशी, उत्तरेच्या अंगाला, एक भोक असायला हवं होतं. वन्संना ते आठवत होतं, लहानपणी त्यातून मुंगळे निघायचे म्हणे. आता तिथे गुळगुळीत सिमेंट आणि वर गेरू. गवंड्यानं २०१९ साली काम चोख केलं होतं. तुटकं दिसलं ते सगळं बुजवलं होतं. मीच उभी राहून करवून घेतलं होतं.

छिन्नी-हातोडा आणून मुलानं ते फोडलं. काळं पाणी बाहेर आलं आणि असा वास सुटला की वन्संनी पदर नाकाला लावला. माती उपसली तर तळाला खालच्या दगडात एक नारळाची करवंटी पालथी घातलेली. भोक मातीनं बुजू नये, पाणी तेवढं निघून जावं म्हणून कधी काळी सासूबाईंनी ठेवलेली. वन्सं ती हातात घेऊन बराच वेळ उभ्या होत्या. मला मात्र दुसरंच आठवत होतं. उन्हाळ्यात सासूबाई तुळशीला तांब्या ओतायच्या, आणि पावसाळा लागला की नुसती पळीभर पाणी घालायच्या, तीही कडेला. मला वाटायचं, वय झालं, तांब्या उचलवत नसेल. म्हणून त्या गेल्यावर भर पावसातसुद्धा मी तांब्याभर घालत होते. माझी भक्ती जास्त!

करवंटी धुऊन पुन्हा तिथेच ठेवली. तांबडी माती, नदीची वाळू आणि कुजलेलं शेणखत सारखं मिसळून घातलं. सातवं रोप वन्संनी नाही, मीच लावलं. त्यांनी हात पुढे केला होता, पण मी नको म्हटलं. आता बोट मातीत खुपसून बघते, ओल लागली तर पळी, नाही तर तांब्या. मंजिऱ्या आल्या की खुडते. त्या तशाच राहू दिल्या तर तुळस सगळा जीव बीजात घालते आणि लवकर म्हातारी होते. मुळात तुळस काही वर्षांचीच पाहुणी. दोन-तीन वर्षांत खोड काष्ठ होतं आणि नवी लावायला लागते. म्हणजे सासूबाईंची 'ती' तुळस मुळी एक नव्हतीच. चाळीस वर्षांत त्यांनी दहा-पंधरा तरी बदलल्या असणार, आम्हाला कुणाला कळलंसुद्धा नाही. शेजारच्या काकूंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "असेल बाई," आणि विषय बदलला.

हे सगळं होऊन आता तिसरं वर्ष सरलं. सातव्या तुळशीचं खोड बोटाएवढं जाड आणि करडं झालंय, यंदा पानं बारीक येतायत. ती आता जाणार हे मला दिसतंय. वृंदावनाच्या पायाशी, त्या फोडलेल्या भोकाच्या तोंडाशी, बी पडून चार रोपं उगवली आहेत. त्यातलं एक वन्संनी फोनवर सांगून ठेवलंय, चतुर्थीला जाताना घेऊन यायचं. दोन तशीच राहू देते. एक वर लावीन.

मरव्याची चौथी कुंडी मात्र परवा वाळली.