कॉट बेसिसच्या खोलीत टेरेसची चावी कुणाकडे असते?

निकाल लागले की आपल्या तालुक्यातली पोरं गादी-बादली घेऊन पुण्याला निघतात. सदाशिव पेठ, नारायण पेठ, कर्वेनगर... कॉट बेसिसवर जागा शोधायची. आपण पालक विचारतो काय? भाडं किती, डिपॉझिट किती, मेस कुठंय.

गेल्या महिन्यात भाच्यासाठी अशा पाच-सहा जागा पाहिल्या. पत्रकाराची खोड, सगळीकडे एकच विचारलं: आग लागली तर पोरं बाहेर पडणार कुठून? एका ठिकाणी जिना एकच, जिन्याखाली सगळे वीजमीटर, त्याला खेटून गाड्या. खिडक्यांना पक्के गज. टेरेसला कुलूप. मालक म्हणाले, "पोरं वर धिंगाणा घालतात हो." माणूस वाईट नव्हता. त्यांना हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीत मुखर्जी नगरला मुलींच्या पीजीत आग लागली, ती जिन्याजवळच्या मीटर बोर्डापासून. अग्निशमन दलाने 35 मुलींना सुखरूप बाहेर काढलं. दरवेळी नशीब साथ देईलच असं नाही.

घरी गॅस बंद केला का, हे आई बघते. तिथं सहा जण सहा गावचे, त्यामुळे सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही. म्हणून पोरांनी पहिल्याच आठवड्यात एकत्र बसून एवढं करावं:

– टेरेसची एक चावी मालकाकडून मागून घ्या, दाराजवळ खिळ्याला अडकवा. जिन्यात गाड्या, सामान नको.
– गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या. लाईटचं बटण चालूही करू नका, बंदही नको. बाहेर येऊन 1906 ला फोन.
– एकाच एक्स्टेंशन बोर्डावर इंडक्शन, इस्त्री, गीझरचा रॉड लावू नका.
– प्रत्येकाच्या घरचा नंबर, रक्तगट, चालू औषधं कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. मित्र बेशुद्ध पडला तर त्याच्या मोबाईलचं लॉक कोण उघडणार? त्याच कागदावर 112, 101, 108 लिहा.

खर्च किती? चावी आणि कागद, शंभर रुपयांच्या आत.

मालक चावी देत नसतील तर पालकांनी स्वतः बोलावं. भाडं आपण भरतो, मागायला लाजायचं कशाला?

आज रात्री पोरांना फोन कराल तेव्हा "जेवलास का?" झाल्यावर चावीचंही विचारा. काय उत्तर मिळालं ते इथे जरूर लिहा.