आधी सगळं ढिलं ठेवा!

सेमिस्टर संपलं की आमचे रूमपार्टनर गोव्याचे बेत आखतात. मी मात्र नांदेडहून लोहा-अहमदपूरमार्गे लातूरची एसटी पकडली आणि पंधरा दिवस जीपखाली लोळलो!

जीप आजोबांची. महिंद्राची, उंच बोनेटवाली. विलीजने १९५३ मध्ये उंचीला मोठं असलेलं नवं इंजिन मावावं म्हणून बोनेट वर उचललं आणि तोच साचा महिंद्राने आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं चालवला. आमच्या जीपमध्ये मात्र कोंबड्या राहत होत्या. अण्णांचं भंगारवाल्याशी बोलणंही झालं होतं. "एवढी एक सुट्टी द्या," मी म्हणालो.

इंजिन मिस्त्रीने सुरू करून दिलं. रंग झाला. राहिलं पुढचं तोंड : जाळी, दोन मडगार्ड आणि बोनेट. बोल्टच तर आवळायचे, त्यात काय एवढं? मी मेकॅनिकलचा ना! डावं मडगार्ड बॉडीला गच्च आवळलं, मग जाळी, मग उजवं. शेवटी बोनेट टाकलं आणि... डावीकडे बोट जाईल एवढी फट, उजवीकडे पत्र्यावर पत्रा. नवा रंग खरवडून निघाला.

गल्लीतले डेंटर चाचा बघत होते. म्हणाले, "पहले सब ढीला कर, बेटा."

सगळे बोल्ट हाताने फिरतील एवढे ढिले केले. बॉडी हलत नाही, म्हणून माप तिथूनच धरायचं. आधी बोनेट बसवलं, त्याला धरून जाळी सरकवली, जाळीखाली एक वायसर घातला, मग दोन्ही मडगार्ड. एक बोल्ट इकडचा, एक तिकडचा, थोडा थोडा आवळत गेलो. बोल्टाची भोकं मोठी का ठेवतात, ते तेव्हा कळलं. प्रत्येक भागात थोडी चूक असतेच, पण सगळ्यांची बेरीज शेवटच्या भागावर येते. टॉलरन्सचा हा धडा मी परीक्षेत पाठ करून लिहिला होता!

तरी डावीकडे थोडी फट राहिलीच. त्या मडगार्डची कड जुन्या मारामुळे वाकलेली. मी म्हणालो, "अण्णा, नवंच आणू." अण्णा नुसतं "राहू दे" म्हणाले आणि आत गेले.

रात्री आईने सांगितलं. ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंप झाला, तेव्हा अण्णा कॉलेजात होते. आजोबांसोबत हीच जीप घेऊन औशावरून किल्लारीला गेले. जाताना भाकरी-चादरी, येताना जखमी माणसं. पडक्या भिंतीच्या दगडांतून गाडी काढताना डावं मडगार्ड घासलं. त्या दिवसाबद्दल अण्णा घरात कधी बोलले नाहीत.

सकाळी मी नव्या मडगार्डचा विषय काढला नाही. चाचांनी आतून जमेल तेवढं ठोकून दिलं, बाकी तसंच ठेवलं.

ड्रॉइंगच्या तासाला ती फट सरांनी नक्की रिजेक्ट केली असती. पण परवा अण्णांचा फोन आला, "भंगारवाला आलता. परत पाठवला."