चुकांची दुरुस्ती

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटार दुरुस्तीवर लेख लिहावा, हे वाचून आमच्या वर्गातील मित्र हसतील. ‘जमाखर्च नीट जुळव आधी,’ असेही म्हणतील. त्यांना एवढेच सांगतो, की हा लेख जमाखर्चाविषयीच आहे. तो मी शिकलो मात्र एका गॅरेजमध्ये, गेल्या मे महिन्यात, आदिलाबादला.

आदिलाबाद आम्हाला परके नाही. बीदर, नांदेड आणि आदिलाबाद हे तिन्ही जिल्हे एकेकाळी निजामाच्या राज्यातले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बीदर म्हैसूरकडे गेले, नांदेड मुंबई राज्याकडे आणि आदिलाबाद आंध्रकडे. पुढे २०१४ साली तेलंगण झाले. माणसे मात्र आपापल्या जागी होती तिथेच राहिली. म्हणून माझे शिक्षण भालकीजवळच्या मराठी शाळेत झाले, बाजारात मी कन्नड बोलतो आणि माझे मामा आदिलाबादला राहून एका वाक्यात मराठी, तेलुगू आणि दखनी बोलतात. उदगीरवरून नांदेड, तेथून रेल्वेने मुदखेड, किनवट आणि मग आदिलाबाद, असा आमचा मामाच्या गावाचा रस्ता.

मामा मोटारींचे इलेक्ट्रिशियन आहेत. इंजिन खोलणे हे त्यांचे काम नव्हे. दिवे, सेल्फ, डायनामो, वायरिंग एवढेच त्यांचे क्षेत्र. हैदराबाद-नागपूर महामार्ग, ज्याला आता ४४ क्रमांक आहे, गावाजवळून जातो. त्यामुळे ट्रकांचे काम बारमाही. वडील गेल्यापासून माझ्या कॉलेजची फी मामाच भरतात. त्याची थोडी परतफेड म्हणून सुटीत मी त्यांच्या वह्या लिहून देतो. मामांच्या वह्या म्हणजे सिगारेटच्या पाकिटांच्या पाठी, कॅलेंडरची पाने आणि उरलेले सगळे त्यांच्या डोक्यात.

या सुटीत मी पोचलो तेव्हा गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये एक मोठी, गडद निळ्या रंगाची परदेशी बनावटीची गाडी उभी होती. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे झाले त्यात कंपनीचा दोष नाही. गाडी १९९६ सालची, गावातल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याची. त्यांना सगळे शेठ म्हणत.

आपल्या देशात अशा गाड्यांचा जमाना तेव्हा नुकता सुरू झाला होता. त्याआधी आलिशान मोटार म्हणजे राजेरजवाड्यांची गोष्ट. निजामाची १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉइस आजही हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. १९९१नंतर धोरण बदलले. १९९४ साली मर्सिडीज-बेंझची भारतातली कंपनी स्थापन झाली आणि १९९५ साली पुण्याजवळ पिंपरीला टेल्कोच्या आवारात त्यांची गाडी जुळवून बाहेर पडू लागली. मग कारखानदार, डॉक्टर, कापसाचे व्यापारी अशांच्या दारात परदेशी गाड्या दिसू लागल्या. त्याच गाड्या आज तिशीला आल्या आहेत.

शेठांच्या गाडीचे दुखणे असे, की सकाळी ती एका सेल्फमध्ये सुरू होई. दुपारी ऊन चढले आणि इंजिन तापले, की रस्त्यातच बंद पडे. तासाभराने पुन्हा शहाण्यासारखी चालू. हैदराबादच्या एका मोठ्या वर्कशॉपने तिला पाहून १,४०,००० रुपयांचा अंदाज दिला होता. शेठ वडिलांच्या वेळची ओळख म्हणून मामांकडे आले.

मी येताना ऑनलाइन मागवलेला एक छोटा स्कॅनर बरोबर आणला होता. तो गाडीला जोडला की मोबाइलवर बिघाडाचा क्रमांक येतो. मोठ्या ऐटीत मी स्टिअरिंगखाली सॉकेट शोधू लागलो. ते नव्हतेच! असे एकसारखे सॉकेट अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलपासून सक्तीचे झाले आणि आपल्याकडे ते यायला आणखी बरीच वर्षे गेली. त्याआधी प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. मामांनी माझा स्कॅनर उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “चांगला आहे. पुढच्या गाडीला ठेव.”

त्यांची स्वतःची पद्धत साधी होती. स्वस्तातली शंका आधी, महागातली शेवटी. प्रथम बॅटरी. गाडी बंद असताना मीटरवर १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १४च्या आसपास दिसले, म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर दोघेही निर्दोष. मग अर्थची वायर. तिच्या दोन्ही टोकांना मीटर लावून इंजिन चालू असताना व्होल्ट किती ‘गळतात’ ते पाहायचे. पाव व्होल्टाहून जास्त दिसले तर बोल्ट काढून, घासून पुन्हा आवळायचा. त्यानंतर फ्यूज. त्या काळच्या युरोपीय गाड्यांत फ्यूज बंदुकीच्या गोळीसारखे, दोन्हीकडे टोकदार असतात. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६चा आणि निळा २५चा. त्यांच्या टोकांना गंज चढतो आणि फ्यूज शाबूत असूनही वीज पुढे जात नाही. मामा प्रत्येक फ्यूज बोटाने जागच्या जागी फिरवत. “निम्म्या गाड्या एवढ्यानंच बऱ्या होतात,” ते म्हणाले, “पण गिऱ्हाइकाला सांगू नको.”

शेवटी पेट्रोलच्या पंपाचा रिले उघडला. आतल्या सोल्डरला भिंगातून पाहावी लागेल अशी बारीक चीर गेली होती. धातू तापला की फुगतो, चीर रुंदावते आणि पंप बंद पडतो. थंड झाला की पुन्हा जुळते. मामांनी तिथे नवा डाख दिला. बंद पडणे निम्म्यावर आले, पण थांबले नाही.

एव्हाना दहा दिवस झाले होते आणि माझ्या वहीत या गाडीच्या नावापुढे जमा काहीच नव्हते. रात्री जेवताना मी मामांना घसाऱ्याचे गणित सांगितले. दरवर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के घसारा धरला, तर १०० रुपयांच्या गाडीचे ३० वर्षांनी फक्त ७६ पैसे उरतात. “मामा, ७६ पैशांच्या वस्तूमागे तुम्ही दहा दिवस घालवलेत. तेवढ्यात पाच ट्रक झाले असते. शेठना सांगा, भंगारात घाला म्हणून.”

मामी भाकरी वाढता वाढता थांबल्या. मामा काही बोलले नाहीत. नंतर हात धुताना म्हणाले, “त्यांच्या आईला त्याच गाडीतून बासरला जायचंय, सरस्वतीच्या दर्शनाला. नवरा होता तेव्हा त्यातूनच गेली होती. नोंदणीची मुदत संपत आली आहे, गाडी चालली तरच पास होणार. हे तुझ्या १५ टक्क्यांत कुठं बसतं ते बघ.” मला उत्तर सुचले नाही, पण पटलेही नाही.

आता माझ्या चुकीविषयी सांगतो.

त्या गाडीचा मागच्या दिव्यांचा पांढरा फ्यूज अधूनमधून उडत असे. मामा जेवायला घरी गेले होते. शेठांचा ड्रायव्हर येऊन म्हणाला, की दिवे लागत नाहीत आणि आजच्या दिवस गाडी घरी नेऊन आईला दाखवायची आहे. मी नवा पांढरा फ्यूज घातला. डिकी उघडून बंद केली तेवढ्यात तो उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. डबीत पांढरे संपले. निळे पुष्कळ होते. मी निळा घातला. दिवे लागले, फ्यूज टिकला, ड्रायव्हर खूश झाला. मामांचे दहा दिवसांचे काम मी दहा मिनिटांत केले, असे मला वाटले. मामा आले तेव्हा मी त्यांना यातले काही सांगितले नाही.

संध्याकाळी गाडी परत आली ती डिकीतून धूर सोडत. शेठ आणि त्यांची म्हातारी आई आतच बसलेली होती. मामा धावत गेले, त्यांनी आईंना हात धरून खाली उतरवले आणि बॅटरीची ऋण बाजूची वायर उपटली. डिकीचे झाकण उघडले, तेव्हा बिजागराजवळ सहा-सात वायरी एकमेकींत वितळून चिकटल्या होत्या. दोष तिथेच होता. झाकण तीस वर्षे उघडून-मिटून नंबर प्लेटच्या दिव्याची वायर सोलली गेली होती आणि पत्र्याला टेकत होती. पांढरा फ्यूज उडत होता तो हेच सांगण्यासाठी. मी २५ अँपिअरचा फ्यूज घालून त्याचे तोंड बंद केले. मग जळायचे ते वायरीने जळून दाखवले.

मामांनी फ्यूजच्या डबीचे झाकण काढले, निळा फ्यूज पाहिला आणि माझ्याकडे एकदाच पाहिले. मग शेठना म्हणाले, “शेठ, चूक गॅरेजची आहे. नुकसान मी भरून देतो.”

मी तिथेच उभा होतो. गप्प राहिलो असतो तर कोणालाही कळले नसते, कारण मामांनी ‘गॅरेज’ म्हटले होते, माझे नाव घेतले नव्हते. पण त्या वृद्ध बाई बाकावर बसून पदराने चेहरा पुसत होत्या. अजून पाच मिनिटे गाडी रस्त्यात राहिली असती तर, हा विचार डोक्यातून जाईना. मी म्हणालो, “शेठजी, फ्यूज मी घातला. मामांना माहीत नव्हते.” शेठ बराच वेळ काही बोलले नाहीत. आईच म्हणाल्या, “पोराचे हात भाजले नाहीत ना?” त्यांच्या या एका वाक्यापुढे रागावलेल्या माणसाची शंभर वाक्येही मला हलकी वाटली असती.

रात्री मामांनी विचारले, “फ्यूज काहून उडाला, हे त्याला इचारलं का?” मी मान खाली घातली. “मग? त्यानं तीनदा सांगितलं. तू त्याला दमदाटी केलीस.” एवढेच बोलून ते झोपायला गेले.

पुढचे आठ दिवस आम्ही तिघे त्या गाडीत होतो: मामा, त्यांच्याकडे काम करणारा तेलुगू मुलगा आणि मी. डिकीचे वायरिंग दुरुस्त करताना मामांनी इंजिनावरची जुडीही उघडली आणि उरलेला दोष तिथे सापडला. वायरीवरचे आवरण तीस उन्हाळ्यांच्या उष्णतेने इतके ठिसूळ झाले होते, की बोट लावताच त्याचा वाळक्या पापडासारखा चुरा होई. इंजिन तापून हलले, की दोन उघड्या तारा एकमेकींना शिवत. एकेक वायर कापायची, नवी जोडायची, तिच्यावर स्लीव्ह चढवायची. माझे काम प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधण्याचे.

मामांसाठी मी चिठ्ठी मराठीत लिहिली. तो मुलगा तेलुगू शाळेत आठवीपर्यंत शिकलेला, त्याला मराठी वाचता येईना. सहज म्हणून मी चिठ्ठीच्या मागे तोच शब्द कन्नड लिपीत लिहिला. त्याने तो घडाघडा वाचला! कन्नड आणि तेलुगू लिप्या एकाच जुन्या लिपीतून आल्या, हे शाळेत ऐकले होते. त्याचा उपयोग असा गाडीच्या बॉनेटखाली होईल हे कधी वाटले नव्हते. दोन-तीन अक्षरांवर तो अडला, पण बाकीच्या सगळ्या वायरी त्याने बरोबर ओळखल्या. “अन्ना, तुमचं तेलुगू अक्षर जरा वाकडं आहे,” असे मात्र म्हणाला.

गाडी भर दुपारच्या उन्हात गुडीहत्नूरपर्यंत जाऊन न थांबता परत आली, तेव्हा मामांनी बिल करायला सांगितले. एकूण १८,५०० रुपये. त्यातून जळालेल्या वायरींचे २,४०० वजा. बाकी १६,१००. “हे २,४०० कोणत्या खात्याला घालू?” मी विचारले. मामा म्हणाले, “तुझ्या शिक्षणाच्या खात्याला. फी म्हणून.”

मी तसे लिहिले. वही अजून तिथेच आहे.

जूनमध्ये फोन आला. गाडी पास झाली होती. वीस वर्षांहून जुन्या मोटारींच्या नूतनीकरणाची फी २०२५पासून १०,००० रुपये झाली आहे, तीही शेठनी हू की चू न करता भरली. आई बासरला जाऊन आल्या. गाडी वाटेत एकदाही थांबली नाही, हे मामांनी दोनदा सांगितले.

आपल्या अभ्यासक्रमात ‘चुकांची दुरुस्ती’ नावाचे प्रकरण आहे. तेरीज जुळली नाही, की आम्ही मुले काय करतो ते प्राध्यापकांना माहीत आहेच. फरकाची रक्कम कुठेतरी घुसडून दोन्ही बाजू समान करतो. यंदाच्या चाचणीत माझ्या तेरजेत ६४० रुपयांचा फरक आला. बाहेर पाच मिनिटांची घंटा झाली होती. हात सवयीप्रमाणे रक्कम घुसडायला गेला आणि मला तो निळा फ्यूज आठवला. फरकाची निम्मी रक्कम शोधावी, असे सरांनी शिकवले होते. म्हणजे ३२०. शोधले तर आवक वाहतूक खर्चाचे ३२० रुपये मी नावेऐवजी जमेच्या बाजूला लिहिले होते. तेवढे दुरुस्त करेपर्यंत वेळ संपला आणि शेवटचा प्रश्न राहिला. त्याचे चार गुण गेले.

मामांना फोनवर हे सांगितले. ते म्हणाले, “चारच ना? माझे २,४०० गेले होते.”