थांबण्याची विद्या

जुहूचे नाव उच्चारताच डोळ्यांसमोर उभा राहतो तो समुद्रकिनारा. संध्याकाळची गर्दी, भेळेच्या गाड्या, वाळूत किल्ले बांधणारी मुले आणि पाण्यात बुडत जाणारे लाल सूर्यबिंब. परंतु या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, इमारतींच्या दाटीत, एक विस्तीर्ण मोकळी जागा आहे. तो जुहूचा विमानतळ. १९२८ साली तो सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन आपल्या छोट्या विमानाने येथेच उतरले. पुढे मोठी विमाने सांताक्रूझला गेली आणि आज जुहूहून मुख्यतः हेलिकॉप्टरे उडतात. मात्र स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत या धावपट्टीने आणखी एक गर्जना ऐकली आहे. ती होती मोटारींच्या शर्यतींची.

ती गर्जना कानांत साठवून ठेवणारे एक वृद्ध मेस्त्री जुहू गावात राहतात. त्यांनी पंचाहत्तरी केव्हाच ओलांडली आहे. हात थरथरतात, पण रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीचा आवाज ऐकून तिचे दुखणे सांगण्याची त्यांची हातोटी अजून गेलेली नाही. घरात मुलगा, सून आणि महाविद्यालयात जाणारा एक नातू. नातवाला मोटारसायकलीचे वेड. अलीकडे तो रात्री उशिरा घरी येऊ लागला होता. द्रुतगती महामार्गावर काही मुले मोटारसायकलींच्या पैजा लावतात, हे त्याच्या आईच्या कानांवर आले आणि त्या माउलीची झोप उडाली. तिने सासऱ्यांना सांगितले. ते काहीच बोलले नाहीत.

एके संध्याकाळी नातू दूरचित्रवाणीवर अमेरिकेतील डेटोना येथील शर्यत पाहत होता. लंबगोल मार्गावर चाळीसएक मोटारी एकमेकींना खेटून धावत होत्या. आजोबा शेजारी येऊन बसले.

"आजोबा, ही माणसे नुसती गोल गोल फिरतात. घाण्याचा बैल तरी दुसरे काय करतो?" नातू म्हणाला.

आजोबा हसले. "अरे, घाण्याच्या बैलाचे डोळे बांधलेले असतात. यांना क्षणभरही डोळे मिटून चालत नाही."

मेस्त्रींचे म्हणणे खरे होते. या शर्यतीतील मोटारी प्रारंभी खरोखरच तुमच्या-आमच्या वापरातल्या, कारखान्यातून निघून दुकानात आलेल्या मोटारी असत. आज त्यांचे केवळ बाह्य रूप तसे राहिले आहे. आतील सर्व रचना शर्यतीसाठी घडवलेली असते. या शर्यती भरवणारी संस्था १९४८ साली डेटोना येथे उदयास आली. गंमत अशी की, जुहूप्रमाणेच डेटोनाही समुद्रकाठचे गाव. १९३६ पासून १९५८ पर्यंत तेथे मोटारी चक्क किनाऱ्यावरील वाळूवर आणि तिला लागून असलेल्या रस्त्यावर धावत. १९५९ साली अडीच मैलांचा पक्का मार्ग तयार झाला. या मार्गाची वळणे सपाट नाहीत. परातीच्या काठाप्रमाणे ती एकतीस अंशांनी कललेली आहेत. सपाट वळणावर भरधाव मोटार बाहेर फेकली जाते. तोच मार्ग आतल्या बाजूला कलता असला की मोटार त्याला चिकटून वळते. म्हणूनच ताशी तीनशे किलोमीटरांचा वेग तेथे शक्य होतो. अशा दोनशे फेऱ्या मारल्या म्हणजे पाचशे मैल पुरे होतात.

त्या मार्गावर एकटा चालक फारसे काही करू शकत नाही. पुढची मोटार हवा कापते आणि मागची तिच्या आडोशाने चालते. दोघी मिळून एकटीपेक्षा अधिक वेगाने जातात. ज्याला हरवायचे, त्याचाच आधार घ्यावयाचा, असा हा खेळ! मधूनच मोटार बाजूला थांबते. काही माणसे धावत येतात, चारही चाके बदलतात, इंधन भरतात आणि एवढे सगळे दहा-पंधरा सेकंदांत उरकतात. पिवळे निशाण दिसताच सर्वांना वेग आवरावा लागतो. त्या निशाणापुढे विजेत्याची घमेंड चालत नाही.

"तुम्ही पाहिलीत का हो कधी शर्यत?" नातवाने विचारले.

मग मेस्त्रींनी आपली गोष्ट सांगितली. साठीच्या दशकाच्या आरंभीची ती हकिकत. ते तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे होते आणि एका लहानशा गॅरेजात उस्तादांच्या हाताखाली नट-बोल्ट पुसण्याचे काम करीत. जुहूच्या धावपट्टीवर शर्यत होती. गॅरेजने तयार केलेली एक मोटार तीत उतरणार होती. महिनाभर सर्वांनी रात्रीचा दिवस केला होता. शर्यतीला थोडाच अवकाश असताना या पोराला मागच्या चाकाच्या आतल्या बाजूस ओलसर डाग दिसला. त्याने बोट लावून पाहिले. ते ब्रेकचे तेल होते.

बोलावे की न बोलावे? मोठ्या माणसांच्या आनंदावर विरजण घालणारा आपण कोण? पोराची छाती धडधडू लागली. अखेर त्याने उस्तादांच्या कानात सांगितले. उस्ताद वाकले, त्यांनी डाग पाहिला आणि काही न बोलता मोटारीची किल्ली काढून खिशात घातली. चालक संतापला. मालकाने हात जोडले. "थेंबभर तेलाने काय होते?" असे दहा जणांनी विचारले. उस्ताद एवढेच म्हणाले, "गाडी पळेल, पण थांबणार नाही."

शर्यत त्या मोटारीवाचून पार पडली. लोक हसले.

"मग काय झाले?" नातवाने उत्सुकतेने विचारले.

"काहीच झाले नाही," आजोबा म्हणाले. "त्या दिवशी काहीच झाले नाही, बाळा. उस्तादांनी जिंकलेली शर्यत तीच."

नातू गप्प झाला. आजोबांनी पडद्याकडे बोट केले. याच डेटोनाच्या मार्गावर १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेल अर्नहार्ट नावाचा नामांकित चालक शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून मरण पावला. त्याच्याच चमूची मोटार पहिली आली आणि त्याचा मुलगा दुसरा आला. परंतु तो विजय पाहण्यास पिता उरला नाही. त्यानंतर मान सावरून धरणारे साधन सक्तीचे झाले आणि धक्का शोषून घेणाऱ्या भिंती उभ्या राहिल्या. तेव्हापासून त्या संस्थेच्या सर्वोच्च मालिकेतील शर्यतीत एकाही चालकाचा मृत्यू झालेला नाही. न घडलेल्या अपघातांची बातमी छापून येत नाही. पण त्यांच्यामागे कोणाचे तरी जागरण असते.

"आणि आपल्या जुहूनेही हे पाहिले आहे," आजोबा पुढे म्हणाले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपानचे एक मोठे प्रवासी विमान सांताक्रूझ समजून चुकून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. थांबण्यास जागा अपुरी पडली आणि ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. विमान मात्र पुन्हा उडाले नाही. "वेग सगळ्यांनाच मिळतो रे. थांबायला जागा किती आहे, हे आधी पाहावे लागते. शर्यतीच्या मार्गावर भिंत असते, निशाण असते, धावून येणारी माणसे असतात. रात्रीच्या रस्त्यावर काय असते?"

आजोबांनी महामार्गाचे नावही घेतले नव्हते. नातवाने मान खाली घातली. स्वयंपाकघराच्या दाराआड उभी असलेली त्याची आई तशीच आत वळली.

त्या रात्री नातवाचा भ्रमणध्वनी दोनदा वाजला. तो बाहेर गेला नाही. सकाळी आजोबा अंगणात आले, तेव्हा त्याने आपली मोटारसायकल सावलीत लावून तिचे पुढचे चाक सोडले होते. ब्रेकची झिजलेली गादी हातात घेऊन तो म्हणाला, "आजोबा, ही चालेल का हो अजून?"

मेस्त्रींनी चश्मा पुसला, गादी उजेडात धरली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसकण मारली.