हैदराबादेतला विसाव्याचा दिवस

लांबच्या सायकल सफरीत एक दिवस सायकल चालवायची नाही, असे आधीच ठरवून ठेवावे लागते. रोजच्या श्रमाने थकलेले पाय विश्रांतीतच सावरतात. शिवाय कपडे धुणे, साखळीला तेल देणे ही कामे असतातच. सोलापूरहून मच्छलीपट्टण आणि तिथून समुद्रकिनाऱ्याने बापटल्यापर्यंत, असा आम्हा चौघांचा बेत होता. पुण्याहून निघणारा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आपल्या सोलापूरवरून हुमनाबाद, हैदराबाद, विजयवाडा करीत मच्छलीपट्टणला पोचतो. सुमारे तीनशे किलोमीटर झाल्यावर हैदराबादेत विसावा घेतला.

पण त्या दिवशी एक निर्णयही घ्यायचा होता. धाकटीचा गुडघा दोन दिवस पुढच्या बाजूने दुखत होता. सौ.चे मत सरळ रेल्वेने परतावे असे. थोरल्याला समुद्र सोडवत नव्हता. धाकटी गप्पच होती.

सकाळी एका सायकल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने तिला सीटवर बसवले, पॅडल खाली घ्यायला लावले आणि हसून म्हणाला, "बच्ची लंबी हो गई, सीट वहींच है." सीट खाली असली की गुडघा फार वाकतो आणि प्रत्येक फेरीला त्यावर ताण येतो. त्याने सीट दोन बोटे वर घेतली. पैसे पुढे केले, तर म्हणाला, "नक्को!"

"बाबा, हे मराठी बोलतात?" धाकटीने विचारले. ती दखनी. तिच्यातला 'नक्को' आणि 'वहींच'मधला 'च' मराठीतूनच गेलेला. सौ. हुमनाबादकडची. ती म्हणाली, "आमच्याकडे अज्जी याला 'ब्याडा' म्हणायची." एकाच नकाराचे दोन शब्द आमच्या घरात रोज नांदतात. १९५६ पर्यंत मराठवाडा, बिदर, गुलबर्गा, रायचूर आणि तेलंगण हे सारे एकाच हैदराबाद संस्थानात, पुढे राज्यात होते. सौ.च्या आजोबांची राजधानी हीच. १९०७ साली स्थापन झालेली मराठी मंडळींची विवेक वर्धिनी आणि काचीगुड्यातली कन्नडिगांची नृपतुंग शाळा याच शहरात आहेत. दोन्ही पाट्या मुलांनी मोठ्याने वाचल्या. कोणती आपली, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

दुपारी गोवळकोंडा. धाकटीला पायऱ्या वर्ज्य, म्हणून ती आईबरोबर प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली थांबली. तिने टाळी वाजवली, ती थोरल्याने वर बालाहिसारला ऐकली. मच्छलीपट्टण हे कुतुबशाहीचे मोठे बंदर. गोवळकोंड्याचा माल तिथे जाऊन जहाजांवर चढे. १६११ साली इंग्रजांनी वखार घातली तीही तिथेच. म्हणजे राजधानीकडून समुद्राकडे जाणारी ही वाट आमच्या आधी शेकडो वर्षे वाहती होती.

संध्याकाळी इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटे झाल्यावर धाकटीने मुक्कामाच्या गल्लीत सायकलवर चार फेऱ्या मारल्या. मग पाचवी मारली. गुडघा दुखला नाही. तरी सौ.ने अट घातली, की रोजचे अंतर कमी करायचे आणि दुखले तर तिथेच थांबायचे. ती सर्वांना मान्य झाली.

"मग परतीची तिकिटे काढायची नाहीत ना?" मी विचारले.

"नक्को," धाकटी म्हणाली. सौ. म्हणाली, "ब्याडा."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही सूर्यापेटचा रस्ता धरला.